पेटीवरचं कुंकू

वलगावात पार्बताबाई हातात कुंचला घेऊन ओट्यावर बसली, की आळीतल्या बायांना आपापल्या घरातलं मोडकं-विटकं सामान आठवू लागे. कुणी पाळण्याची फळी घेऊन येई, कुणी देवाचा चौरंग, कुणी पोपडे उडालेला पाट. बाई कुणाला नाही म्हणत नसे. गेरू, चुना, पिवडी, चुलीतली काजळी आणि चिंचोक्याची खळ, एवढीच तिची दौलत. शिंदीची काडी ठेचायची, तिचा कुंचला करायचा आणि मांडी ठोकून बसायचं. दिवस कलेपर्यंत त्या पाटाचं रूप असं पालटायचं, की ज्याचा पाट त्यालाच ओळखू येऊ नये.

"हात हाये का जादू हाये वं पार्बते!" असं कुणी म्हटलं, की ती नाक मुरडायची. "जादू कायची आली? ज्याच्यापाशी पैसा असते तो नवं घेते, नसते तो रंग लावते."

बोलणं असं फटकळ. पण आतून तिला त्या हाताचा अभिमान होता, आणि तो काही थोडाथोडका नव्हता. आता तुम्ही म्हणाल, असू द्या की, गुणी बाईला अभिमान असणारच. असू द्यावा हो. पण त्याच गुणी हातापायी ही बाई पुढं आपल्याच घरात मान खाली घालून वावरली, आणि तेही एका कोवळ्या पोरीसमोर. तेच सांगायचं आहे.

ती सालं कापसाची होती. कोण्या दूरच्या मुलखात लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी इथं वऱ्हाडात कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. ज्यानं त्यानं काळ्या रानात कापूस टाकला. काल ज्यांच्या पायात वहाण नव्हती, त्यांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चमकू लागल्या. अमरावतीच्या बाजारात झोपाळे, पलंग, पितळी कड्यांच्या पेट्या गाड्या भरभरून यायच्या आणि संध्याकाळी गाड्या रिकाम्या व्हायच्या. अकोल्याकडं आगगाडीच्या रस्त्याचं काम निघालं होतं. माणसं बोलायची तीसुद्धा जरा मोठ्यानं.

केशवराव, म्हणजे पार्बताबाईचा नवरा, जातीचा माळी. पेढी नदीकाठी त्याचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. कापूस टाकायला काळं रान लागतं, ते त्याच्याकडं नव्हतं. मळ्यानं घराला कधी उपाशी ठेवलं नाही, पण चारचौघांत मिरवावं असंही काही दिलं नाही. केशवरावाला त्याचं काही वाटत नसे. तो पहाटे मळ्यात जायचा, मोट धरायचा, आणि वांग्यांशी जेवढं बोलायचा तेवढं माणसांशीही बोलायचा नाही. पार्बताबाईला मात्र वाटायचं. एवढी माणसं वर चढली, आपण तेवढे तिथल्या तिथं, असं तिला सारखं वाटायचं.

एकुलता एक पोरगा भगवंत लग्नाला आला. केशवरावाची बहीण माणिकबाई अकोल्यात दिलेली होती. तिनं निरोप धाडला, की पातूरच्या नत्थुजी माळ्याची पोरगी आहे, जयवंता नाव, कामाला वाघीण आणि स्वभावानं गाय. नत्थुजीनं पानमळा मोडून कापूस टाकला आणि आता त्याच्या नावाची हाक पंचक्रोशीत जाते. पोरगी द्यायला तो तयार आहे, पण आधी घर पाहायला येतो म्हणतो.

घर पाहायला येतो! पार्बताबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं स्वतःचं घर पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तिला ते पहिल्यांदाच भिकार वाटलं. दाराला भेगा, कडीला गंज, खुंट्या काळ्याकुट्ट. आणि माजघरात, अगदी समोरच, ती भलीमोठी पेटी. पार्बताबाईच्या सासूच्या लग्नातली, आंब्याच्या लाकडाची. रंग राखेसारखा झालेला, एका कोपऱ्याला वाळवीनं खाल्लेलं.

"पेटी बाहेर काढू का?" केशवरावानं विचारलं.

"काढा! मंग घरात काय दाखवता पाहुन्याले, मोटेचा नाडा?"

तिनं पदर खोचला. भिंतींना पांढरी माती दिली. कडीवरचा गंज विटेच्या तुकड्यानं घासून काढला आणि तिला खळीत कालवलेली पिवडी लावली. वाळल्यावर कडी पितळेची दिसू लागली. खुंट्या रंगवल्या, बाजेचे पाय रंगवले. मग ती पेटीकडं वळली. वाळवीची भोकं मेणानं बुजवली, सगळं अंग घासून घासून गुळगुळीत केलं. आता खरा रंग द्यायचा तर जवसाचं तेल उकळावं, त्यात राळ घालावी, हात द्यावा, वाळू द्यावं, पुन्हा हात द्यावा. तो रंग पाण्याला भीत नाही. पण तेवढं तेल आणायचं कुठून, आणि ते वाळेपर्यंत पाहुणा थांबणार होता थोडाच? पार्बताबाईनं आपली नेहमीची खळच घेतली. गेरूत काजळी अशी मोजून मिसळली की तांबूस काळा रंग उतरला. त्याच्यावर बारीक काडीनं लाकडाच्या रेषा ओढल्या, शिसवाला असतात तशा. वाळल्यावर वरून नुसता तेलाचा हात फिरवला.

केशवराव मळ्यातून आला आणि दारातच उभा राहिला. "अवं, हे कोनाची पेटी आनली?"

ती हसली. त्या दिवशी ती फार खुशीत होती. इथवर तिनं काही वाईट केलं होतं असं मी म्हणणार नाही. जुन्याला रंग देणं काही पाप नाही.

नत्थुजी आला. आडदांड माणूस, आवाज असा की ओट्यावरची कोंबडी उडावी. बाजेवर बसला, गूळपाणी घेतलं, पान लावलं. पार्बताबाई रीतीप्रमाणं आतल्या दाराआड उभी होती. बोलता बोलता पाहुण्याची नजर पेटीवर गेली. तो उठला, पेटीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "केशवराव, हे तं शिसवाची दिसते!"

केशवराव भोळा माणूस. "नाई जी, ते तं आमची..."

आणि दाराआड काकणं वाजली. एवढंच झालं. पार्बताबाईनं हात जरासा हलवला आणि काकणं वाजली. पण एवढ्या वर्षांच्या संसारात त्या काकणांची भाषा केशवरावाला पाठ झाली होती. त्यानं शब्द गिळला आणि पुढं म्हणाला, "आमची लय जुनी आहे जी. माह्या मायच्या लग्नातली."

"तेच म्हनतो मी!" नत्थुजी खूश झाला. "आता पैसा आला म्हनून कोनीबी उठते आन शिसव घेऊन येते. तुमच्या घरी आधीपासून आहे. याले म्हनते खानदान!"

दाराआड पार्बताबाईचे कान तापले. आधी आनंदानं, आणि मग लगेच दुसऱ्याच कशानं तरी. पण ती स्वतःला म्हणाली, मी कुठं खोटं बोलली? मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही. सोयरीक जमली. वैशाखात लग्न झालं. नत्थुजीनं पोरीला जरीकाठी लुगडं दिलं आणि वऱ्हाडासमोर सांगितलं, "शिसवाच्या पेटीत राहाचं आहे हे लुगडं, तसंच शोभलं पाहिजे." सगळे हसले. पार्बताबाईही हसली, पण तिला वर पाहवलं नाही.

जयवंता नांदायला आली ती पुढच्या साली, पावसाळा सरत असताना. हडकुळी, टपोऱ्या डोळ्यांची, कपाळावर कुंकवाखाली गोंदणाचं हिरवं टिंब. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं पेटी पाहिली आणि तिचं तोंड उजळलं.

"आत्याबाई, हेच का ते शिसवाची पेटी? बाबा गावभर सांगून राहिले होते." आणि लगेच कोपऱ्यातलं ओलं फडकं घेऊन ती पेटी पुसायला निघाली.

"पानी नोको लावू!" पार्बताबाई अशी किंचाळली की पोरीच्या हातातलं फडकं गळून पडलं. भेदरलेली पोर नुसती पाहत राहिली. आता काही तरी सांगणं भाग होतं. पार्बताबाई बोलून गेली, "आपल्या घरची रीत आहे बाई. त्याच्यात देवीचं वस्त्र राहाते. पेटीले पानी लागलं तं देवी कोपते."

ही रीत त्याच घटकेला जन्मली, बरं का! त्याआधी त्या घरात तिचं नावनिशाण नव्हतं. पण पोरीनं पेटीला हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून ती कोरड्या फडक्यानं पेटी पुसू लागली आणि दर शुक्रवारी मळ्यातलं झेंडूचं फूल तिच्यावर वाहू लागली. त्या फुलाकडं पाहिलं की पार्बताबाईला शरमल्यासारखं होई. आज सांगू, उद्या सांगू, असं ती मनाशी म्हणे. पण पोरगी म्हणजे बापाच्या कानाशी लागलेली. आज हिला सांगितलं की उद्या पातुरात कळणार, आणि नत्थुजी चारचौघांत म्हणणार, खानदानी म्हणून दिली आणि निघाले रंगारी. तेवढं ऐकायची पार्बताबाईची छाती नव्हती. बाकी पोरीवर तिची माया होती. सासूनं सुनेला गरम भाकर वाढावी, असं त्या काळात कमीच घरी दिसायचं. तिच्या घरी दिसायचं.

नवरात्राच्या आदल्या दिवशी घर धुवायचं असतं. पार्बताबाई फुलं तोडायला मळ्यात गेली होती. जयवंतानं माजघर सारवून घेतलं आणि भरली घागर घेऊन ती आत आली. ओल्या सारवणावरून पाय सटकला. पोर पडली आणि घागर नेमकी पेटीवर उलटली.

पार्बताबाई घरी आली तेव्हा घागर जागेवर होती. सारवण पुन्हा केलेलं दिसत होतं. पोरगी भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या लुगड्याचा पदर तांबूस काळ्या पाण्यानं माखला होता. पार्बताबाईनं पेटीकडं पाहिलं. झाकणापासून खालपर्यंत रंग वाहून गेला होता. घाबऱ्या घाबऱ्या पुसायला गेलेल्या हातांनी तो आणखीच निघाला होता. आतून आंब्याचं लाकूड राखेसारखं उघडं पडलं होतं.

तेव्हाच बोलायचं होतं पार्बताबाईनं. जवळ घ्यायचं होतं आणि म्हणायचं होतं, बाई, हा माझा रंग आहे, आणि देवी-बिवी काही नाही. त्याऐवजी ती काय म्हणाली? "चाल बाई, घटाची तयारी करू." आणि कोनाड्यातल्या गोधड्या काढून तिनं पेटीवर रचून ठेवल्या, जसं काही तिनं पाहिलंच नाही.

याहून वाईट ते तिच्या मनात आलं. गोधडी ठेवता ठेवता आलं. बरं झालं, असं तिला वाटलं. आता कधी कुणी विचारलं, तर सून नवी होती, हातून पाणी सांडलं, एवढी शिसवाची पेटी नासली, असं म्हणता येईल. हा विचार आला तशी तिला स्वतःचीच किळस आली. पण तिनं तो हाकललाही नाही.

घट बसले आणि जयवंतानं उपास धरला. सगळे धरतात तसा नाही. दिवसाकाठी मूठभर भगर, तीही सासूनं पुढं ठेवली तर. शेजारणी येऊन कौतुक करू लागल्या. "पार्बते, सून नाई वं, देवीच आली तुह्या घरी! केवढी भक्ती!" पार्बताबाई हो हो म्हणायची आणि उठून आत जायची. पोर दिवे लावताना देवीसमोर बसायची ती उठायचं नाव घेत नसे. तिचे ओठ हलत असायचे. ती काय मागत होती ते पार्बताबाईला पक्कं ठाऊक होतं.

भगवंत एकदा आईला म्हणाला, "माय, ते काई खाऊन नाई राहिली."

"उपास आहे तिचा," पार्बताबाई म्हणाली, आणि चुलीत उगीच लाकडं सारत बसली.

दसरा उजाडला. त्या दिवशी नत्थुजी पोरीला माहेरी न्यायला येणार होता. पार्बताबाईनं सकाळी आपला कुंकवाचा करंडा घेतला, सणाचं कुंकू सुनेला लावावं म्हणून. पोरगी अंगण झाडत होती. पदर नाकापर्यंत ओढलेला. दोन दिवस झाले, ती असाच पदर ओढून वावरत होती, आणि पार्बताबाईला वाटलं होतं, रडून डोळे सुजले असतील.

"अवं, वर कर तं तोंड. कुंकू लावते."

पोरगी मागं सरली. "राहू द्या आत्याबाई."

"राहू द्या काय? सनाचा दिवस आहे." तिनं पदर वर सारला, आणि तिचा हात तिथंच थांबला.

कपाळ कोरं होतं. सवाशीण पोर, दसऱ्याचा दिवस, आणि कपाळावर नुसतं गोंदणाचं हिरवं टिंब.

"कुंकू कुठी आहे तुह्यं?" पार्बताबाईचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

पोरीनं माजघराकडं बोट दाखवलं. पार्बताबाई धावतच आत गेली आणि तिनं गोधड्या ओढून खाली टाकल्या. जिथून रंग गेला होता तिथं लालभडक फासलं होतं. पोरीनं आपला करंडा सगळा रिकामा केला होता. कुंकवात काजळी मिसळून पाहिली होती, हळद मिसळून पाहिली होती. रंग काही जमला नव्हता. बोटांचे ओघळ तसेच वाळले होते, आणि लाकडाच्या भेगांत कुंकू जाऊन बसलं होतं.

मागून पोरगी हुंदके देत बोलत होती. "माह्या हातानं पानी सांडलं आत्याबाई. रंग सारखा होईन असं वाटलं मले. कुंकू देवीचंच असते ना, म्हनून तेच लावलं. संपून गेलं सारं. तुमाले मांगितलं असतं तं तुमी विचारलं असतं, पहिलं कुठी गेलं."

पार्बताबाईला भुई फाटून आत जावंसं वाटलं. एवढ्या दिवसांत त्या घरात एकच माणूस खरं वागलं होतं, आणि तेच तिच्यासमोर गुन्हेगारासारखं उभं होतं. तिनं पोरीच्या कपाळाला कुंकू लावलं. "तुह्या हातानं काई बिघडलं नाई बाई," एवढंच तिला बोलता आलं. आणि तेवढ्यात दारात बैलांच्या घुंगरमाळा वाजल्या. नत्थुजीची रेंगी आली होती.

नत्थुजी पायरी चढून आत आला. पोरीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, नातू होईपर्यंत, ही त्या माणसाची खरी रीत. तो बाजेवर टेकला. बायका दाराआड झाल्या. पोरगी बापाच्या पाया पडायला बाहेर गेली, आणि तिला पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काहून वं? एवढी काहून वाळली?"

पेटी समोरच होती, उघडी, लाल ओघळांची. पोरीनं त्याची नजर तिकडं वळायची वाटही पाहिली नाही. "बाबा, माह्या हातानं शिसवाची पेटी नासली. घागर सांडली."

नत्थुजी पेटीकडं पाहू लागला. केशवरावानं घसा खाकरला. बायको काय करत आली ते त्याला ठाऊक होतं, आणि तिची लाज झाकायची सवय त्याच्या हाडीमाशी मुरली होती. "लेकरू आहे जी, होते हातून. आमी काई बोललो नाई तिले..."

काकणं वाजली.

केशवराव थांबला, नेहमीसारखा. पण या खेपेला पार्बताबाई नुसती काकणं वाजवून राहिली नाही. ओलं फडकं हातात घेऊन ती परक्या पुरुषासमोर, व्याह्यासमोर, माजघरात येऊन उभी राहिली. केशवरावाचा आ वासला. ती पेटीपाशी बसली आणि पुसू लागली. कुंकू नाही, उरलेला रंग. आपल्या हातानं ओढलेल्या शिसवाच्या रेषा एका हातासरशी निघाल्या. मग दाराची कडी पुसली, आणि पितळ जाऊन खालचं लोखंड दिसलं.

"पाहून घ्या इवाई," ती म्हणाली. "पेटी आंब्याची आहे. शिसवाची कवाच नव्हती. तुमी आले त्याच्या आधी म्या रंग देला. हे खरं सांगून राहिले होते तवा, म्या काकनं वाजवली आन गप केलं."

मग जयवंतानंच विचारलं, अगदी हळू, "आन देवीचं वस्त्र?"

"वस्त्र नाई काई त्याच्यात. गोधड्या आहेत आन म्या ठेवलेलं तुह्यं लुगडं आहे. पान्यानं रंग जाईन म्हनून बोलली मी."

पोरगी तिच्याकडं पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं कळत नव्हतं तिला. "मंग मी उपास काहून केला?"

पार्बताबाईची मान खाली गेली ती गेलीच.

"कायचा उपास?" नत्थुजीनं पोरीला विचारलं, आणि तिनं सगळं सांगितलं, देवीचं, भगरीचं, कुंकवाचं. ऐकता ऐकता त्या आडदांड माणसाचा आवाज कुठल्या कुठं गेला. तो बोलला तेव्हा अगदी हलक्यानं बोलला, आणि पार्बताबाईला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

"इहीनबाई, पेटीचं जाऊ द्या. आंब्याची आहे म्हनलं असतं तरी म्या पोरगी देली असती. येता येता तुमच्या मळ्यात एक तन दिसलं नाई मले, ते पाहून देली. पन हे लेकरू अन्न सोडून बसलं होतं, ते तुमाले दिसलं का नाई?"

"दिसलं," पार्बताबाई म्हणाली.

"काहून बसलं, ते ठाव होतं?"

"ठाव होतं."

सोनं म्हणून आपट्याची पानं दोघा व्याह्यांनी एकमेकांना दिली, पण गळाभेट काही झाली नाही. नत्थुजीनं पोरीचं बोचकं उचललं आणि रेंगीत ठेवलं. परत कधी पाठवतो, ते बोलला नाही, आणि विचारायला कुणाचं तोंड होतं? भगवंत खाली मान घालून रेंगीमागं शिवेपर्यंत चालत गेला.

पार्बताबाई दारात उभी होती. पोरगी आपल्याकडं पाहणारही नाही असं तिला वाटलं होतं. पण रेंगी हलली तशी जयवंतानं पदर सारला आणि ओरडून सांगितलं, "आत्याबाई, मी येई पावतर पेटीले रंग नोका देजा!"

तेव्हा कुठं पार्बताबाईला रडू आलं. येई पावतर, म्हणजे येईपर्यंत, असं म्हणाली होती पोरगी.

जयवंता दिवाळीनंतर आली आणि त्याच घरात म्हातारी झाली. कापसाचा भाव पुढं पडला, शेंब्या विकल्या गेल्या, वांगी मात्र चालत राहिली. पार्बताबाईनं कुंचला सोडला नाही. शेजारणींचे पाट ती रंगवत राहिली, पण देताना प्रत्येकीला बजावायची, "खळीचा रंग आहे वं, पानी लागलं का जाईन." पेटीला तिनं पुन्हा कधी हात लावला नाही. ती उघड्या आंब्याच्या लाकडाची तशीच माजघरात राहिली, आणि भेगांत गेलेलं कुंकूही राहिलं. धुऊन निघालं नाही. काळपट झालं, एवढंच.

नवा माणूस घरात आला की विचारायचाच, पेटीवर हे लाल काय सांडलं? आणि जयवंता सासूच्या आधी, घाईघाईनं, सांगायची, "काई नाई, जुना डाग आहे." तिनं एकदाही खरं सांगितलं नाही, बाप सोडला तर माहेरच्या माणसांनासुद्धा नाही. पार्बताबाईला नत्थुजीच्या प्रश्नाची लाज वाटली होती, पण या उत्तराची जास्त वाटायची. ज्या पोरीच्या माथी तिनं आपलं खोटं मारलं, तीच आता तिच्यासाठी खोटं बोलत होती.

म्हणून पार्बताबाई आतून, जिथं असेल तिथून, ओरडायची, "डाग नाई जी! माह्या सुनेचं कुंकू आहे. माह्यापायी गेलं ते."

आणि पाहुणा जायला निघेपर्यंत ती बाहेर यायची नाही.